घरची वऱ्हाडी, पुस्तकातली मराठी : पहिली ते चौथीच्या शिक्षकांसाठी

‘माह्या मायनं मले पानी आनाले पाठवलं.’

दुसरीतल्या मुलानं वहीत हे वाक्य लिहिलं की त्यावर सहसा पाच लाल गोल पडतात. माह्या, माय, मले, पानी, आनाले. वही परत मिळाल्यावर मुलाला एवढंच कळतं की आपण जे लिहिलं ते जवळपास सगळं चुकलं. पण वाक्य नीट पाहा. कोणी पाठवलं, कोणाला, कशासाठी, सगळं जागच्या जागी आहे. कर्त्याला ‘नं’ लागलाय, ‘माह्या’चं सामान्यरूप बरोबर आहे, क्रियापद भावे प्रयोगात आहे. सात-आठ वर्षांच्या मुलानं एक अवघड मराठी वाक्य बिनचूक रचलंय, फक्त वऱ्हाडीत. त्याला आता ‘माझ्या आईनं मला पाणी आणायला पाठवलं’ हेही लिहिता आलं पाहिजे. ते शिकवायचं कसं, यासाठी हा लेख आहे. घरची आणि पुस्तकातली रूपं शेजारी ठेवून फरक मुलांनाच शोधायला लावायचा, ही त्याची पद्धत.

उदाहरणं वऱ्हाडीची घेतली आहेत, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ या पट्ट्यातली. पद्धत अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलांनाही लागू पडते, उदाहरणं तेवढी आपल्या गावची घ्यायची. कोरकू, गोंडी किंवा बंजारा मुलांच्या वर्गाला मात्र ही पद्धत पुरणार नाही. कोरकू मुंडा कुळातली आणि गोंडी द्राविडी कुळातली भाषा आहे. बंजाऱ्यांची गोरबोली आर्यकुळातली असली तरी ती राजस्थानी भाषांच्या जवळची. या मुलांसाठी मराठी ही दुसरी भाषाच असते आणि तिथं शब्दांपासून सुरुवात करावी लागते. वऱ्हाडी मुलाला मराठी येतेच. त्याला हवं असतं ते तिचं आणखी एक रूप.

ही पद्धत आली कुठून

बोली बोलणाऱ्या मुलांना प्रमाण रूप शिकवण्याचा बराच विचार अमेरिकेत झाला, तोही कृष्णवर्णीय मुलांच्या इंग्रजीच्या निमित्तानं. त्यांच्या घरच्या इंग्रजीत ‘ही इज’मधलं ‘इज’ अनेकदा गळतं, ‘ही वॉक्स’ऐवजी ‘ही वॉक’ येतं. शाळा याला अडाणीपणा समजत होत्या. विल्यम लबॉव्ह आणि इतर भाषाशास्त्रज्ञांनी १९६० आणि ७०च्या दशकांत दाखवून दिलं की या बोलीला स्वतःचे पक्के नियम आहेत. १९७९ साली मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या खटल्यात न्यायालयानं शाळा प्रशासनाला सांगितलं की वाचन शिकवताना मुलांच्या घरच्या बोलीचं भान शिक्षकांना असलं पाहिजे.

शिकागोजवळच्या ऑरोरा विद्यापीठात हॅनी टेलर यांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाला नेहमीसारखं चुका दुरुस्त करून शिकवलं आणि दुसऱ्याला घरची व प्रमाण रूपं शेजारी ठेवून फरक शोधायला लावला. तुलना करणाऱ्या गटाच्या लेखनात बोलीची रूपं ५९ टक्क्यांनी कमी झाली. चुका दुरुस्त केलेल्या गटात ती ८.५ टक्क्यांनी वाढली. हे कॉलेजचे विद्यार्थी होते, त्यामुळे हे आकडे दुसरीच्या वर्गाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण नुसतं ‘असं नाही, असं’ म्हणत राहिल्यानं काम होत नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांनी वर्गात पाहिलेलं आहेच.

पहिली पायरी : आधी ऐका, वहीत टिपा

जूनमध्ये लगेच शिकवायला घेऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे एक वही जवळ ठेवा. फळ्यासमोर उभं केलेलं मूल मोजून-मापून बोलतं, त्यामुळे मधल्या सुट्टीत, आहाराच्या रांगेत, खेळताना ऐका. तुम्ही बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आला असाल तर अंगणवाडीताई आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई यांच्याइतकी मदत दुसरं कोणी करणार नाही. एखादा शब्द कळला नाही तर सरळ विचारा.

वहीत नुसते शब्द लिहू नका, त्यांच्यामागचा नियम शोधा. वऱ्हाडी वर्गात बहुधा पुढच्या गोष्टी सापडतात:

- ‘ला’ऐवजी ‘ले’: मले, तुले, आजीले, गाईले
- माझा, तुझा यांऐवजी माहा, तुहा, माह्या, तुह्या
- ‘आहे’ऐवजी ‘हाय’
- चालू क्रियेसाठी ‘खेळत आहे’ऐवजी ‘खेयून रायला’
- करायचं, जायचं, करायला यांऐवजी कराचं, जाचं, कराले
- ‘दिलं’ऐवजी ‘देल्लं’
- इथे, तिथे यांऐवजी अठी, तठी, ‘का’ऐवजी ‘काहून’, ‘कशाला’ऐवजी ‘कायले’
- ‘ण’ऐवजी ‘न’: पानी, कोन
- ‘ळ’ऐवजी ‘य’: डोया, शाया, केयी, सकायी
- विहीर, विचार यांऐवजी इहीर, इचार

ही यादी कोणत्याही दोन गावांत हुबेहूब सारखी नसते, म्हणून तुमची यादी तुम्हीच करा. खानदेशात ‘माले’, ‘तुले’, ‘मना भाऊ’, ‘शे’ मिळेल. तळकोकणात ‘माका’, ‘तुका’, ‘माजो भाव’, ‘आसा’ मिळेल.

दोन गोष्टी यादीतून बाजूला काढा. ‘र’ न येणारं लहान मूल ‘ल’ म्हणतं, तो वयाचा भाग. आणि ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ, जो पुण्यातल्या मुलाचाही होतो आणि पदवीधराचाही. या दोन्हींचा बोलीशी संबंध नाही. ते एकत्र केले की वऱ्हाडी मुलाच्या नावावर नसलेल्या चुकाही चढतात.

दुसरी पायरी : पालकांना आधी सांगा

ही पायरी लोक गाळतात आणि मग काम अडतं. १९९६च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शिक्षण मंडळानं मुलांच्या घरच्या बोलीची दखल घेणारा ठराव केला. ‘आता शाळेत हीच बोली शिकवणार, म्हणजे आमची मुलं मागेच राहणार’ असा समज देशभर पसरला आणि प्रचंड गदारोळ झाला. मंडळाला महिन्याभरात ठरावाची भाषा बदलावी लागली. अमेरिकेच्या भाषाशास्त्र संस्थेनं जानेवारी १९९७मध्ये या विचाराला पाठिंबा देणारा ठराव केला, पण तोवर गैरसमज पसरून गेला होता.

आपल्याकडेही पालकांची भीती हीच आहे, आणि ती रास्त आहे. आपल्या बोलण्याला हसलेलं त्यांनी तालुक्याच्या कचेरीत, पुण्या-मुंबईच्या कामावर अनुभवलेलं असतं. मुलावर ती वेळ येऊ नये असं त्यांना वाटतं. पालक सभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत त्यांच्याच भाषेत स्पष्ट सांगा: ‘पोराले पुस्तकातली मराठी पक्की येईन, आमी ते शिकवनारच हावो. घरची बोली त्याच्यासाठी सोडाची गरज नाई.’ घरी मुलांशी ओढूनताणून पुस्तकी बोलू नका, हेही सांगा. आजीनं वऱ्हाडीत सांगितलेली लांबलचक गोष्ट मुलाच्या भाषेला जे देते, ते आईनं अडखळत बोललेल्या प्रमाण मराठीच्या चार वाक्यांनी मिळत नाही.

केंद्रप्रमुखांना किंवा मुख्याध्यापकांना आधार लागला तर तोही आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९मध्ये शक्य तोवर मातृभाषेतून शिक्षण द्यावं असं म्हटलंय, आणि २०२०चं राष्ट्रीय शिक्षण धोरण शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं.

तिसरी पायरी : पहिलीत दुरुस्ती नको, वाचून दाखवणं भरपूर

पहिलीत तुलना सुरूच करू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या वयात मूल अक्षर आणि आवाज यांची सांगड घालत असतं. त्यात ‘मले म्हणू नको, मला म्हण’ घुसवलं की ते गप्प होतं, आणि गप्प मुलाला काहीही शिकवता येत नाही. पहिलीच्या मुलानं वऱ्हाडीत बोलावं, वऱ्हाडीत गोष्ट सांगावी, आणि आपण गोष्टीला दाद द्यावी. तो म्हणाला, ‘सर, कुत्रा पयाला,’ तर ‘कुठे पळाला? मग तू काय केलंस?’ एवढंच विचारा. प्रमाण रूप त्याच्या कानावर पडलं, गोष्टही थांबली नाही.

त्याच वेळी रोज मोठ्यानं वाचून दाखवा. परिपाठानंतरची दहा मिनिटं त्यासाठी राखून ठेवा. प्रमाण मराठी मुलाच्या कानात भरपूर साठली असेल तरच दुसरीत तुलना करता येते. ज्या वर्गात वाचून दाखवलं जात नाही, तिथं मुलं प्रमाण रूप फक्त सूचनांमधून ऐकतात: बसा, गप्प राहा, वह्या काढा. तेवढ्यावर लेखन उभं राहत नाही.

वाचताना कधी थांबवायचं

मुलानं ‘डोळे’ लिहिलेलं ‘डोये’ वाचलं, ‘पाणी’ लिहिलेलं ‘पानी’ वाचलं. ही वाचनाची चूक नाही. त्यानं अक्षर ओळखलं, शब्द ओळखला, अर्थ घेतला आणि आपल्या तोंडच्या उच्चारानं म्हटला. अशा मुलाला दर ओळीला थांबवलं तर वाक्याचा धागा तुटतो, आणि वाचता येणारं मूल ‘अप्रगत’ यादीत जाऊन बसतं. चाचणीच्या तक्त्यावर असं होताना दिसतं, आणि ते फार वाईट आहे.

खात्री करायला सोपा उपाय आहे. वाचून झाल्यावर बोट ठेवून विचारा, ‘हे काय असतं?’ ‘डोये’ म्हणून मुलानं आपल्या डोळ्यांकडे बोट केलं, तर वाचन बरोबर. ‘डोळे’ऐवजी ‘डोके’ वाचलं, तर ती खरी चूक, तिथं थांबा. ‘मला’ लिहिलेलं सहज ‘मले’ वाचणारं मूल तर अर्थ समजून वाचतंय, कारण नुसती अक्षरं जुळवणाऱ्याच्या तोंडून ‘मले’ येणारच नाही.

चौथी पायरी : एका वेळी एकच फरक

दुसरीच्या दुसऱ्या सत्रात, मुलं छोटी वाक्यं न अडखळता वाचू लागली की तुलना सुरू करा. एका फरकाला आठवडा ते पंधरवडा, रोज पंधरा मिनिटं. सुरुवात ‘ले’ आणि ‘ला’पासून करा. हा फरक वारंवार येतो आणि नियम सरळ आहे.

फळ्याचे दोन भाग करा. एकावर ‘घरची’, दुसऱ्यावर ‘पुस्तकातली’. शुद्ध आणि अशुद्ध हे शब्द वर्गात आणू नका, बरोबर-चूकही नको. वाक्यं मुलांनीच बोललेली घ्या.

मले भूक लागली. – मला भूक लागली.
आजीले सांग. – आजीला सांग.
गाईले चारा टाक. – गाईला चारा टाक.

वाक्यं निवडताना एक पथ्य पाळा: जोडीत एकच गोष्ट बदललेली असावी. ‘तुले काय पायजे?’ आणि ‘तुला काय पाहिजे?’ ही जोडी पहिल्या दिवशी नको, कारण त्यात दोन फरक आहेत. मुलं ‘पायजे’वर जातात आणि ‘ले’ निसटतो.

मग विचारा, ‘काय बदललं?’ उत्तर तुम्ही देऊ नका. कोणीतरी म्हणेल, ‘लेचा ला झाला.’ पुढचा प्रश्न: ‘कुठे?’ शब्दाच्या शेवटी. ‘कोणत्या शब्दाच्या?’ इथं वर्ग अडतो, आणि तो अडू द्यावा. आजी, गाय, मी... माणसांची, जनावरांची, वस्तूंची नावं आणि त्यांच्या जागी येणारे शब्द, इथवर मुलं स्वतः पोहोचतात. नियम मुलांच्याच शब्दांत फळ्याखाली लिहा.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम हे वाक्य द्या: ‘मामा घरी गेले.’ यातही ‘ले’ आहे! उत्साहात कोणीतरी ‘गेला’ करेल. मग परत नियमाकडे या: ‘गेले’ हे कोणाचं नाव आहे का? हा वेळ वाया जात नाही. नाम आणि क्रियापद हे व्याकरणात पुढं शिकवायचे शब्द मुलांनी इथं हाताळूनच ओळखलेले असतात.

तिसऱ्या दिवशी मुलं जोडीनं वाक्यं बदलतात, घरचीचं पुस्तकातली आणि उलटंही. उलटं करायला जरूर लावा. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद वऱ्हाडीत सांगताना वर्गात जो उत्साह येतो तो एक भाग झालाच. शिवाय ज्याला दोन्हीकडे जाता येतं, त्याला नियम खरोखर कळलेला असतो. चौथ्या दिवशी प्रत्येकानं स्वतःच्या जुन्या वहीतली वाक्यं काढून त्यातले फक्त ‘ले’ शोधायचे. बाकी काही दुरुस्त करायचं नाही.

पुढचा क्रम मी असा सुचवेन: माहा आणि माझा, हाय आणि आहे, मग कराचं आणि करायचं, मग ‘खेयून रायला’ आणि ‘खेळत आहे’. प्रश्नार्थक शब्द आणि अठी-तठी मुलं वाचनातूनच उचलतात, त्यांना फार वेळ देऊ नका.

ळ आणि ण सर्वांत शेवटी

बहुतेक शिक्षक इथूनच सुरुवात करतात, कारण हे फरक कानाला आधी टोचतात. पण हेच सर्वांत अवघड आहेत, आणि त्याचं कारण समजून घ्यायला हवं.

‘ले’चा ‘ला’ करणं दोन्ही बाजूंनी चालतं. ‘ळ’चं तसं नाही. पुस्तकातल्या ‘ळ’चा वऱ्हाडीत ‘य’ होतो, पण वऱ्हाडीतला प्रत्येक ‘य’ काही ‘ळ’ नसतो. ‘डोया’चा डोळा होतो, ‘पाय’ मात्र पायच राहतो. ‘शाया’ची शाळा होते, गाय गायच राहते. ‘य म्हणू नको, ळ म्हण’ असं शिकवलं की काही दिवसांनी वहीत ‘आमची गाळ दूध देते’ असं वाक्य उगवतं. मुलानं नियम इमानदारीनं पाळलेला असतो, नियमच अपुरा होता. ‘ण’चंही तेच: ‘पानी’चं पाणी करायला शिकलेलं मूल ‘पान’चं ‘पाण’ करतं, ‘मन’चं ‘मण’ करतं.

म्हणून हे दोन वर्ण नियमानं न शिकवता शब्दांच्या ओळखीनं शिकवा. वाचनात वारंवार येणारे वीस-पंचवीस शब्द घ्या: शाळा, फळा, डोळा, काळा, केळी, पोळी, सकाळ, कावळा, वेळ, मुळा. भिंतीवर चित्रासह लावा. शेजारी ‘य’च राहणाऱ्यांची वेगळी पट्टी लावा: पाय, गाय, सोय, साय. मूल शब्द डोळ्यांनी ओळखतं आणि तसाच लिहितं, उच्चार हळूहळू मागून येतो किंवा येत नाही. नाही आला तरी लेखन अडत नाही.

एक छोटा आधार मात्र नियमाचा आहे आणि तो मुलांना आवडतो. मराठी शब्द ‘ळ’नं किंवा ‘ण’नं सुरू होत नाही. त्यामुळे नदी, नाक, नाव, नळ यांच्या सुरुवातीला ‘न’ की ‘ण’ हा प्रश्नच उरत नाही.

श्रुतलेखनात शिक्षकानं स्वतः ‘पानी’ म्हणून ‘पाणी’ची अपेक्षा धरू नये. अनेकांच्या तोंडी घरचा ‘न’ असतो आणि त्यात काही वावगं नाही. अशा वेळी शब्द चित्र दाखवून लिहून घ्या.

पाचवी पायरी : कुठे कोणती

फरक कळला की निवड करण्याचा सराव लागतो. नाटुकल्या घ्या. आजीला फोन करायचाय. बँकेत काकांना पासबुक मागायचंय. परिपाठात बातम्या वाचायच्यात. मामाच्या गावाला जाताना एसटीत शेजारच्याशी बोलायचंय. प्रत्येक प्रसंगात कोणती भाषा चालेल हे मुलांनीच ठरवावं, आणि उत्तरं एकसारखी येणार नाहीत. एसटीतला शेजारी कुठला आहे यावर ते ठरतं, असं मुलं स्वतःहून म्हणतात.

याच वेळी ‘तू’ आणि ‘तुम्ही’कडेही बघा. घरात सगळ्यांना ‘तू’ म्हणणारं मूल सरांनाही ‘तू’ म्हणतं, त्यात उर्मटपणा नसतो. त्याला रागावण्याऐवजी नाटुकल्यात बँकेतल्या काकांशी बोलायला लावा.

लेखनात तिसरीपासून एक प्रकार फार उपयोगी पडतो: गोष्टीचं निवेदन पुस्तकातल्या मराठीत, पात्रांचं बोलणं घरच्या बोलीत. पात्राच्या तोंडचं बोलणं त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहायची रीत मराठी लेखनात रुळलेली आहे, त्यामुळे यात नियमाला धक्का लागत नाही. अवतरणचिन्हाच्या आत ‘मले’, बाहेर ‘त्याला’. मुलाला दर वाक्याला ठरवावं लागतं की आपण आता कोणत्या बाजूला आहोत.

वही तपासताना

लाल गोल बंद करा. मुलाच्या लेखनाखाली तीन ओळींत नोंद करा. पहिली, सांगायचं ते पोहोचलं का. दुसरी, वर्गात घेऊन झालेले फरक त्याला जमले का. तिसरी, शुद्धलेखनाच्या खऱ्या चुका. अजून न शिकवलेला फरक मोजायचा नाही. ‘ले’ घेऊन झालाय आणि ‘ळ’ नाही, तर ‘शायेला गेलो’ लिहिणारं मूल पास आहे, आणि ते त्याला ऐकू जाईल असं सांगा.

लेखाच्या सुरुवातीचंच वाक्य याच पद्धतीनं तपासा. अर्थ पूर्ण पोहोचला. ‘मले’ वर्गात घेतलंय, म्हणून त्याखाली पेन्सिलनं एक रेघ, बदल त्यानं स्वतः करायचा. ‘आनाले’ पुढच्या महिन्यात येणार आहे, त्याला आज हात लावायचा नाही. शुद्धलेखनाची चूक एकही नाही. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीत ‘भाषा अशुद्ध’ लिहिण्याऐवजी ‘ले-ला, हाय-आहे लेखनात जमतात, ळचे शब्द बाकी’ असं लिहा. पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला त्यातून काम सुरू करता येतं.

वर्षअखेरीला तुमची बोलीची वही शाळेतच ठेवा. आपल्या बदल्या होतात, आणि नवीन येणारे सर किंवा मॅडम कदाचित कोल्हापूरचे असतील. त्यांना पहिल्याच दिवशी ‘काहून’ आणि ‘कायले’ कळले तर जूनचे तीन आठवडे वाचतात. वहीच्या शेवटी, ज्या ताईंनी शब्द सांगितले त्यांची ओळख करून द्यायला विसरू नका.